समुद्राच्या तळाशी ‘माइक टेस्टिंग’

गणपतीचा मांडव असो, लग्नाचा हॉल असो की शाळेचं स्नेहसंमेलन, कार्यक्रम सुरू होण्याआधी एक माणूस हमखास पुढे येतो. माइकवर दोन टिचक्या मारतो आणि म्हणतो, ‘‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन, टू, थ्री.’’ त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. पोरंटोरं त्याची नक्कल करतात. पण एखाद्या वर्षी तो हे करायला विसरला आणि प्रमुख पाहुण्यांनी तोंड उघडताच कर्ण्यातून नुसतीच शिट्टी वाजली, की सगळ्या मांडवाला त्याची किंमत कळते.

यंत्र आणून बसवणं हे एक काम. ते यंत्र जिथे ऐकू जायला हवं तिथे खरोखर ऐकू जातंय ना, याची खात्री करणं हे दुसरं काम. पहिल्या कामाचं उद्घाटन होतं, नारळ फुटतो, फोटो छापून येतो. दुसऱ्या कामाचा फोटो कुणी काढत नाही. पण संकटाच्या दिवशी माणसं वाचतात ती बहुतेक वेळा या दुसऱ्या कामामुळे. समुद्रावर पाळत ठेवणाऱ्या यंत्रांची हकिगत पाहिली की ही गोष्ट लख्ख दिसते.

२८ नोव्हेंबर १९४५ ची पहाट. आज पाकिस्तानात असलेल्या मकरान किनाऱ्याजवळ समुद्राखाली मोठा भूकंप झाला. त्यातून उठलेल्या त्सुनामीच्या लाटा कराचीवर, कच्छवर आणि काही तासांनी थेट मुंबईवर येऊन आदळल्या. मुंबईतही माणसं वाहून गेली. त्सुनामी म्हटलं की आपल्याला चेन्नई, नागपट्टिणम आठवतं. पण आपला पश्चिम किनाराही त्यातून सुटलेला नाही.

मुंबईत तेव्हा समुद्राची पातळी मोजणारं यंत्र नव्हतं असं नाही. अपोलो बंदरावर भरती-ओहोटीच्या नोंदी १८७८ पासून ठेवल्या जात आहेत. घड्याळाच्या गतीनं फिरणारा कागद आणि त्यावर पाण्याच्या चढउताराची रेघ ओढणारी पेन्सिल, असा त्या काळातल्या भरतीमापकांचा थाट. मुंबई आणि कराची इथल्या मापकांनी त्या दिवशी पाण्याची विचित्र उसळी कागदावर व्यवस्थित रेखाटून ठेवली. शास्त्रज्ञांनी पुढे त्या कागदांचा बारकाईनं अभ्यास केला. पण त्या सकाळी मुंबईकरांना त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. कराचीला लाट आल्याचं कराचीच्या कागदाला कळलं, मुंबईला कळलं नाही. यंत्रानं टिपलं सगळं, सांगितलं कुणालाच नाही.

त्यानंतर ५९ वर्षं गेली. माणूस चंद्रावर जाऊन आला, घराघरात टीव्ही आला, खिशात मोबाइल आला. आणि २६ डिसेंबर २००४ च्या रविवारी सकाळी ६ वाजून २९ मिनिटांनी इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटाजवळ समुद्राचा तळ फाटला.

या भूकंपाचे धक्के हजारो किलोमीटरवरच्या हवाई बेटांवर, पॅसिफिक महासागरासाठी चालवल्या जाणाऱ्या त्सुनामी इशारा केंद्रातही नोंदले गेले. पंधरा मिनिटांत तिथल्या शास्त्रज्ञांनी पत्रक काढलं. सुरुवातीच्या गणितात भूकंप ८ रिश्टरचा वाटत होता, पॅसिफिकला धोका नव्हता, तसं त्यांनी कळवलं. तासाभरानं आकडा ८.५ वर गेला आणि भूकंपाच्या आसपास त्सुनामीची शक्यता आहे, असंही त्यांनी म्हटलं. खरा आकडा ९ च्या वर होता, तो नंतर कळला. पण हे सांगायचं कुणाला? हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरच्या देशांमध्ये अशा वेळी फोन उचलणारी यंत्रणाच नव्हती. लाट खरोखर उठली आहे की नाही, हे सांगणारं यंत्रही या समुद्रात नव्हतं. तळावरून त्सुनामी ओळखणारी अमेरिकेची मोजून सहा यंत्रं होती, तीही सगळी पॅसिफिकमध्ये.

लाट तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पोहोचली ती भूकंपानंतर सुमारे अडीच तासांनी. अडीच तास! साध्या चालीनं निघालेला माणूस तेवढ्या वेळात किनाऱ्यापासून दहा किलोमीटर आत जातो. आपल्याकडेही निरोप अजिबात आला नाही असं नाही. कार निकोबारच्या हवाई तळावरून भूकंपाची आणि आत शिरणाऱ्या पाण्याची खबर मुख्य भूमीवर पोहोचली आणि मग संपर्क तुटला. हवामान खात्यानं दिल्लीत पाठवलेला एक फॅक्स सध्याच्या मंत्र्यांऐवजी आधीच्या मंत्र्यांकडे गेला, अशा बातम्याही नंतर वर्तमानपत्रांत आल्या. सरकार बदललं होतं, यादीतला नंबर बदलला नव्हता. भारतात दहा हजारांवर माणसं गेली, हजारो बेपत्ता झाली. चौदा देशांतला एकूण आकडा सव्वादोन लाखांच्या वर गेला.

त्याच सकाळी पुदुच्चेरीजवळच्या नल्लवाडू नावाच्या कोळ्यांच्या गावात वेगळंच घडलं. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या संस्थेनं या गावात एक माहिती केंद्र चालवलं होतं. तिथल्या संगणकावर रोज समुद्राच्या लाटांचा अंदाज उतरवून घेतला जायचा आणि कर्ण्यावरून सगळ्या गावाला ऐकवला जायचा. आज लाटा किती फुटांच्या, होड्या घालायच्या की नाही, हे कोळी त्यावरून ठरवत. या गावचा एक तरुण सिंगापूरला कामाला होता. त्सुनामीची बातमी कळताच त्यानं घरी फोन लावला. समुद्राचं पाणी आत येतंय, असं पलीकडून घरच्यांनी सांगितलं. त्यानं लगेच गावाला सावध करायला सांगितलं. गावकऱ्यांनी माहिती केंद्राचं दार फोडलं आणि कर्ण्यावरून आरोळी दिली, पळा! सुमारे ३,६०० वस्तीच्या गावात घरं पडली, होड्या गेल्या, पण माणसं वाचली.

या गावाकडे उपग्रह नव्हता, कोट्यवधींची यंत्रं नव्हती. होता तो एक कर्णा. पण तो कर्णा रोज वाजत होता. त्याची तार शाबूत आहे, वीज आहे, आवाज शेवटच्या झोपडीपर्यंत पोहोचतो, आणि मुख्य म्हणजे त्या आवाजावर लोकांचा विश्वास आहे, या सगळ्याची तपासणी दररोज आपोआप होत होती. केवळ संकटासाठी राखून ठेवलेला कर्णा असता, तर त्या दिवशी तो वाजलाच असता याची खात्री कोण देणार?

या सगळ्यातून धडा घेऊन भारतानं हैदराबादला त्सुनामी इशारा केंद्र उभारलं. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे ‘इन्कॉइस’, या संस्थेत ते ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू झालं. भूकंपमापक, किनाऱ्यावरचे भरतीमापक आणि खोल समुद्रातली यंत्रं, अशा तिन्ही ठिकाणांहून इथे रात्रंदिवस माहिती येत असते. यातली सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे खोल समुद्रातलं यंत्र. ते बसवणं आणि त्याचा संपर्क जोडणं हे काम कसं चालतं, ते पाहण्यासारखं आहे.

किनाऱ्यावर राक्षसासारखी उभी राहणारी त्सुनामी भर समुद्रात जेमतेम हाताएवढी उंच असते. तिची लांबी मात्र शेकडो किलोमीटर आणि वेग विमानाशी स्पर्धा करणारा, चार किलोमीटर खोल पाण्यात ताशी सुमारे ७०० किलोमीटर. ती होडीखालून निघून गेली तरी होडीतल्या माणसाला पत्ता लागत नाही. पण डोक्यावरचं पाणी वाढलं की तळावरचा दाब वाढतो. हा दाब मोजणारी पेटी समुद्राच्या तळावर ठेवली, की तीन-चार किलोमीटर पाण्याखालूनही पातळीतला सेंटीमीटरभर फरक तिला कळतो.

आता पेटीला कळलेलं हैदराबादला कळायचं कसं? रेडिओच्या लहरी खाऱ्या पाण्यात फार दूर जात नाहीत. म्हणून पेटी आवाजाच्या भाषेत बोलते. एक मोडेम आकड्यांचं रूपांतर आवाजाच्या ठोक्यांत करतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, म्हणजे तीन किलोमीटर वर यायला त्याला दोन सेकंद पुरतात. वर पाण्यावर एक मोठा तरंगता तराफा दोराला बांधून नांगरलेला असतो. तो हे ठोके ऐकतो, त्यांचे पुन्हा आकडे करतो आणि उपग्रहाकडे पाठवतो. उपग्रहावरून जमिनीवरची तबकडी, तिथून केंद्रातला पडदा. खोल समुद्रातून शहरापर्यंत निरोपाचा हा प्रवास मिनिटांत होतो, पण वाटेत चार ठिकाणी तो हातातून हातात जातो. जिथे हात बदलतो, तिथे निसटण्याची भीती.

म्हणूनच या यंत्रांची तपासणी टप्प्याटप्प्यानं होते. पहिली तपासणी जमिनीवर. दाबमापकाला ठाऊक असलेला दाब देऊन तो बरोबर वाचतो का, ते बघतात. घड्याळ लावतात, कारण लाट अमुक ठिकाणी किती वाजता पोहोचली यावरच पुढचं सगळं गणित बसतं. आकडा बरोबर आणि वेळ चुकीची, तर तो आकडा फुकट.

दुसरी तपासणी जहाजाच्या डेकवर. पेटी आणि तराफा यांना पाण्यात सोडण्याआधी अख्खी साखळी चालू करून बघायची. पेटीनं पाठवलेला निरोप तराफ्यानं घेतला का? उपग्रहानं उचलला का? आणि केंद्रात बसलेल्या माणसाच्या पडद्यावर तोच आकडा, त्याच यंत्राच्या नावानं उमटला का? या शेवटच्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. दोन यंत्रांच्या नावांची अदलाबदल झाली, तर दोन्ही ठणठणीत असूनही लाट बंगालच्या उपसागराऐवजी भलतीकडेच दिसेल.

तिसरी तपासणी पाण्यात. आधी जहाजावरून तळाची खोली मोजून सपाट जागा हेरतात. तराफा दोरावर गोल फिरत असतो, पण पेटीचा आवाज वर जाताना नरसाळ्यासारख्या मर्यादित घेरातच नीट ऐकू येतो. दोर प्रमाणाबाहेर लांब झाला, की तराफा त्या घेराबाहेर वाहवतो आणि बहिरा होतो. पेटी तळाशी टेकली, तराफा नांगरला, तरी जहाज लगेच पाठ फिरवत नाही. निरोप नियमितपणे वर येतायत, याची खात्री करून मगच परततं. कारण एकदा बंदर गाठल्यावर ‘एक वायर बघायची राहिली’ असं लक्षात आलं, तर पुन्हा जहाज काढण्याचा खर्च आणि दिवस यांना हिशेब नाही.

आणि चौथी तपासणी? ती स्वतः समुद्रच करतो, दररोज, फुकट. भरती-ओहोटी! कोकणातल्या कोळ्याला उधाण कधी आणि भांग कधी हे तोंडपाठ असतं. तसंच केंद्रातल्या संगणकालाही कुठल्या जागी, कुठल्या घटकेला पाणी किती असायला हवं, याचं गणित ठाऊक असतं. यंत्राकडून येणारी रेघ त्या गणिताबरोबर चढत-उतरत असेल, तर यंत्र जागं आहे. रेघ सरळ सपाट झाली, तर समुद्र शांत झाला असं नव्हे, यंत्राला झोप लागली असं समजायचं. एरवी ही यंत्रं ठरावीक अंतरानं मोजके आकडे पाठवत राहतात. पातळीत अनपेक्षित फरक पडला की आपणहून जागी होतात आणि भराभर आकडे पाठवू लागतात. नव्या बनावटीच्या यंत्रांना तर केंद्रातूनही हाक मारून जागं करता येतं.

किनाऱ्यावरच्या भरतीमापकांची कथा याहून सोपी, पण तीत आपल्या गोव्याचा वाटा आहे. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी स्वतः मापक घडवला, मांडवीच्या तीरावर वेरे इथे बसवला आणि त्याची माहिती चक्क मोबाइल फोनच्या जाळ्यावरून इंटरनेटवर आणली. उपग्रहापेक्षा हा मार्ग खूप स्वस्त. १२ सप्टेंबर २००७ ला सुमात्राजवळ ८.४ चा भूकंप झाला, तेव्हा हजारो किलोमीटरचा वळसा घालून आलेल्या अगदी क्षीण लाटाही वेऱ्याच्या मापकानं टिपल्या.

मात्र मोबाइलचा मनोरा भूकंपात, वादळात आधी मान टाकतो. म्हणून जिथे जमेल तिथे दोन वाटा ठेवणं शहाणपणाचं, एक मोबाइलची, एक उपग्रहाची. इथेही तोच नियम. दुसरी वाट आहे, एवढं पुरत नाही. पहिली वाट मुद्दाम बंद करून, दुसरीनं निरोप येतो का, हे अधूनमधून पाहावं लागतं. मोटारीच्या डिकीतल्या स्टेपनीत हवा आहे की नाही, हे पंक्चर झाल्यावर घाटात कळून काय उपयोग?

यंत्रांना घातपात करणारेही असतात, बहुतेक वेळा नकळत. तरंगत्या वस्तूच्या सावलीला मासे जमतात, म्हणून मच्छीमार तराफ्यांजवळ जाळी टाकतात, होड्या त्यांना बांधतात. त्यात दोर ताणले जातात, वरची उपकरणं तुटतात, कधी कुणी बॅटऱ्या आणि सौरपट्ट्या काढून नेतं. ज्या कोळ्यांचा जीव वाचवायला यंत्र ठेवलं, त्यांच्याच जाळ्यात ते सापडतं. त्यामुळे किनाऱ्यावरच्या वस्त्यांत जाऊन हा तराफा कशासाठी आहे, हे समजावून सांगणं हाही यंत्र चालू ठेवण्याचाच एक भाग झाला आहे.

देखभाल सुटली तर काय होतं, याचं उदाहरण इंडोनेशियात घडलं. २००४ नंतर परदेशांच्या मदतीनं तिथल्या समुद्रात असे तराफे बसवले गेले होते. पण पैसा आटला, मोडतोड झाली, आणि २०१२ पासून त्यातला एकही चालू नव्हता, असं त्या देशाच्या आपत्ती निवारण यंत्रणेनंच २०१८ मध्ये सांगितलं. त्या वर्षी २८ सप्टेंबरच्या संध्याकाळी सुलावेसी बेटावरच्या पालू शहराजवळ ७.५ चा भूकंप झाला. काही मिनिटांत इशारा निघाला. पण भूकंपानं वीज आणि मोबाइलचे मनोरे पाडले होते, त्यामुळे लोकांच्या फोनवर निरोप पोहोचलाच नाही. किनाऱ्यावर भोंगेही नव्हते. पालूच्या समुद्राची माहिती केंद्राकडे येत नव्हती. चालू असलेला सर्वांत जवळचा मापक सुमारे २०० किलोमीटरवर, आणि तिथे पाणी वाढलं होतं अवघं सहा सेंटीमीटर. अर्ध्या तासानं इशारा संपल्याचं जाहीर झालं. तोवर पालूच्या अरुंद खाडीत लाटा घुसून गेल्या होत्या. भूकंप, त्सुनामी आणि खचलेली जमीन मिळून त्या संध्याकाळी चार हजारांहून अधिक माणसं गेली.

दूरवरच्या यंत्राकडे बघणाऱ्यानं एक गोष्ट कायम ध्यानात ठेवायची असते. ‘धोका नाही’ आणि ‘माहिती नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर दोन्ही सारख्याच शांत दिसू शकतात. म्हणून चांगल्या यंत्रणेत ठरलेल्या वेळी निरोप आला नाही, तर तीच एक धोक्याची घंटा मानली जाते. यंत्र काय सांगतंय याइतकंच, ते शेवटचं कधी बोललं, हेही पाहावं लागतं.

सगळी साखळी नीट चालली तर काय होतं, हेही एकदा दिसलं. ११ एप्रिल २०१२ ला दुपारी सुमात्राच्या पश्चिमेला ८.६ चा भूकंप झाला. २००४ च्या आठवणीनं चेन्नईत लोक रस्त्यावर आले. हैदराबादच्या केंद्रानं दहा मिनिटांच्या आत पहिली सूचना काढली, ती निकोबारच्या मोजक्या भागासाठी तीव्र आणि इतरत्र सौम्य. मग समुद्रातली यंत्रं बोलू लागली. या भूकंपात तळ वर उचलला न जाता आडवा सरकला होता, त्यामुळे लाटा किरकोळ होत्या. संध्याकाळी इशारा मागे घेतला गेला. यंत्रं बोलली नसती, तर लाखो माणसांनी रात्र भीतीत काढली असती. इशारा देण्याइतकंच, आता घरी जा असं खात्रीनं सांगता येणं हेही या तारांचंच काम.

मात्र तपासणी करतानाही जपावं लागतं. १३ जानेवारी २०१८ ला हवाई राज्यात सरावाच्या वेळी एका कर्मचाऱ्याकडून क्षेपणास्त्र हल्ल्याचा इशारा खराखुरा म्हणून सुटला आणि लोकांच्या फोनवर धडकला. तो खोटा असल्याचा दुसरा निरोप यायला ३८ मिनिटं लागली. आईबापांनी पोरांना कवटाळून ती ३८ मिनिटं कशी काढली असतील! म्हणून चाचणीच्या निरोपावर ‘ही चाचणी आहे’ हे ठळकपणे लिहिलेलं असावं लागतं. २०२३ मध्ये आपल्याकडे अनेकांचे फोन एकाएकी कर्कश वाजले आणि पडद्यावर दूरसंचार खात्याचा चाचणीचा निरोप उमटला, ते आठवत असेल. काही घरांत आजी-आजोबा दचकले, काहींनी कटकट म्हणून आवाज बंद केला. ती कटकट म्हणजे मनोऱ्यापासून तुमच्या हातातल्या फोनपर्यंतच्या शेवटच्या तारेची तपासणी होती.

हिंदी महासागराभोवतीचे देश २००९ पासून ठरावीक वर्षांनी मिळून त्सुनामीचा मोठा सराव करतात. खोटा भूकंप, खोट्या लाटा, पण फोन खरे, माणसं खरी. ओडिशात तर हा सराव गावापर्यंत नेला गेला. गंजाम जिल्ह्यातलं वेंकटरायपूर आणि जगतसिंगपूर जिल्ह्यातलं नोलियासाही या दोन गावांना २०२० मध्ये युनेस्कोच्या महासागर आयोगानं ‘त्सुनामीसाठी सज्ज’ म्हणून मान्यता दिली. कुणी कुठल्या वाटेनं पळायचं, म्हाताऱ्यांना कुणी उचलायचं, निरोप कुणाकडे येणार, हे तिथे आधीच ठरवून, चालून पाहिलेलं असतं.

समुद्राच्या तळाशी यंत्र ठेवणं आपल्या हातात नाही. पण दूर ठेवलेली, बोलायला हवीत अशी यंत्रं आता घराघरात आहेत. गावी एकट्या राहणाऱ्या आईवडिलांच्या दारावरचा कॅमेरा, त्यांच्या हाताशी दिलेलं मदतीचं बटण, इमारतीच्या लिफ्टमधली घंटा, जिन्यातला आगीचा भोंगा. ही सगळी बसवली त्या दिवशी चालू होती. आज चालू आहेत का? लिफ्टमधली घंटा दाबली तर ती कुणाला ऐकू जाते, रात्री दोन वाजता तिथे कोण असतं? बाबांच्या फोनमध्ये तातडीसाठी घातलेला नंबर अजून तुमचाच आहे, की तीन वर्षांपूर्वी बंद केलेल्या सिमचा? दिल्लीतला फॅक्स जुन्या पत्त्यावर गेला याला आपण हसतो, पण आपल्याही यादीत एखादा माजी मंत्री दडलेला असू शकतो.

महिन्यातला एक रविवार यासाठी ठरवून टाकावा. बटण दाबून बघावं, पण आधी सगळ्यांना सांगून, म्हणजे कुणाच्या छातीत धस्स व्हायला नको. वीज घालवून बघावी, म्हणजे कॅमेऱ्याची बॅटरी किती वेळ तग धरते ते कळेल. शेजाऱ्यांकडे किल्ली आहे ना आणि त्यांचा नंबर बदलला नाही ना, तेही विचारून घ्यावं. आणि काही काम नसतानाही गावाकडे फोन लावावा. ‘‘काय रे, आज मध्येच?’’ असं आईनं विचारलं तर सांगावं, ‘‘सहजच. लागतो की नाही ते बघत होतो.’’